खोटं कार्ड, खरं भूत

फौजदारी वकिलाने 'सुपरनॅचरल' ही अमेरिकन मालिका पाहायला बसू नये. भुतांकडे त्याचं लक्षच जाणार नाही. पहिला भाग संपायच्या आत त्याची वही भरेल : घरफोडी, बनावट ओळखपत्र, सरकारी अधिकाऱ्याची तोतयेगिरी, क्रेडिट कार्डाची फसवणूक, पोलिसांच्या ताब्यातून पलायन. आणि हे सगळे उद्योग नायकांचे. खलनायिका म्हणजे रात्री रस्त्यावर गाड्या थांबवणारी पांढऱ्या कपड्यांतली बाई. तिच्या नावावर बिचारीच्या फक्त खून आहेत.

मालिका १३ सप्टेंबर २००५ ला सुरू झाली आणि १९ नोव्हेंबर २०२० ला संपली. १५ पर्वं, ३२७ भाग. आपल्याकडच्या सासू-सुनांना हा आकडा किरकोळ वाटेल, पण तिकडे ही दीर्घायुषी मालिकाच म्हणायची. एरिक क्रिप्के या लेखकाच्या डोक्यातून निघालेली गोष्ट तशी सोपी. कॅन्सस राज्यातल्या लॉरेन्स गावात २ नोव्हेंबर १९८३ च्या रात्री विंचेस्टरांच्या घरात सहा महिन्यांच्या सॅमच्या पाळण्यावर, छताला चिकटलेल्या अवस्थेत, त्याची आई जळून मरते. बाप दोन्ही पोरांना गाडीत घालतो आणि तिला मारणाऱ्या राक्षसाच्या शोधात निघतो. पोरं मोटेलमध्ये वाढतात. इतर मुलं पाढे पाठ करतात त्या वयात ही दोघं बंदुकीच्या काडतुसांत मीठ भरायला शिकतात. थोरला डीन बापाचा शब्द झेलणारा. धाकटा सॅम मात्र घराण्याच्या धंद्याला कंटाळून स्टॅनफर्डला पळतो, आणि पळून काय व्हायचं ठरवतो? वकील. परीक्षेत १७४ गुण मिळवून बसलाय, सोमवारी लॉ स्कूलची मुलाखत आहे, आणि त्याआधी मध्यरात्री डीन त्याच्या घरात चोरासारखा शिरतो. मुलाखत राहते ती राहतेच. पुढची पंधरा वर्षं सॅम कायद्याचं नुसतं प्रात्यक्षिक करत राहतो, फक्त आरोपीच्या बाजूने.

मला या मालिकेत भुतांबद्दल काही शंका नाही. भूत दिव्यांची उघडझाप करतं, खोली गार पडते, हे सगळं मला पटतं. आमच्याकडे वीज मंडळ हे रोज करतं. पटत नाही ते तिथलं प्रशासन. दोन तरुण कोट घालून येतात, खिशातून कार्ड काढतात, अर्धा सेकंद हवेत धरतात, मिटतात, आणि शवागाराचं दार उघडतं. कुणी कार्ड हातात घेत नाही. कुणी म्हणत नाही, "साहेब, झेरॉक्स?" कुणी रजिस्टर पुढे सरकवून नाव, पत्ता, येण्याची वेळ, भेटीचं कारण आणि सही मागत नाही. डॉक्टर स्वतः कप्पा ओढून प्रेत दाखवतो आणि वर सांगतो की याचं काळीज गायब आहे. आपल्याकडे सख्ख्या माणसाचा पोस्टमॉर्टेम अहवाल मिळवायचा तर आधी आपलंच काळीज गायब होतं.

पैशांची गोष्ट तर पहिल्याच भागात निकालात काढली आहे. पेट्रोल पंपावर डीन दुकानातून चिप्स आणि थंड बाटल्या घेऊन बाहेर येतो. गाडीत बसलेला सॅम विचारतो, पैसे कुठून आणता, अजून कार्डांची लफडी चालू आहेत का? डीनचं म्हणणं असं की आपण फक्त अर्ज करतो, ते कार्ड पाठवतात त्याला आपण काय करणार. या खेपेला अर्जावर नाव होतं बर्ट आफ्रेमियन आणि त्याचा मुलगा हेक्टर. दोन कार्डं पदरात. डीनच्या चेहऱ्यावर कष्टाच्या कमाईचं समाधान असतं! हे पाहताना मी मनातल्या मनात आमच्या बँकेच्या काउंटरवर जाऊन उभा राहिलो. तिथे मी, खरा, माझ्या खऱ्या नावाने, तीस वर्षं एकाच पत्त्यावर राहणारा, माझी सही माझ्याच जुन्या सहीशी जुळत नाही म्हणून परत पाठवला गेलोय. आणि हेक्टर आफ्रेमियन, जो जन्मलाच नाही, त्याला कार्ड घरपोच. आता घर कुठलं, हाही प्रश्नच आहे, कारण या भावांना घर नाही. १९६७ ची काळी शेव्हरोले इम्पाला आहे. तिची डिकी उघडली की बंदुका, सुरे, मीठ, पवित्र पाणी. पुढच्या कप्प्यात ओळखपत्रांचा डबा. त्या डब्यात अमेरिकेचं अर्धं केंद्र सरकार मावतं.

ओळखपत्रांवरची नावं हा स्वतंत्र उद्धटपणा आहे. डीनला जुनं रॉक संगीत प्रिय, म्हणून पहिल्या अटकेत तो पोलिसांना आपलं नाव टेड न्यूजंट सांगतो. पुढे एका गावात हे दोघे एजंट अँगस आणि एजंट यंग म्हणून फिरतात. हे म्हणजे आपल्याकडे तालुक्याच्या ठाण्यात दोन सीबीआय अधिकारी यावेत आणि एकाने सांगावं, मी इन्स्पेक्टर शंकर आणि हे माझे सहकारी इन्स्पेक्टर जयकिशन. ठाणे अंमलदार आधी चहा सांगेल आणि मग एक गाणं. पण अमेरिकेतल्या एवढ्या गावांत, एवढ्या शेरीफांत, रेडिओ ऐकणारा माणूस जवळपास नाहीच. केंद्रीय अधिकाऱ्याची तोतयेगिरी हा तिकडे गुन्हा आहे. संघीय कायदासंहितेच्या अठराव्या भागातलं कलम ९१२, कमाल शिक्षा तीन वर्षं. भागाला एक एवढाच हिशेब धरला तरी ३२७ भागांची ९८१ वर्षं होतात. त्यातून नरकात काढलेली वर्षं वजा करून मिळावीत असा अर्ज सॅमने नक्की लिहिला असता, वकील झाला असता तर.

पाचव्या पर्वात कॅस्टिएल नावाच्या देवदूतावर कार्ड दाखवायची वेळ येते. प्रत्यक्ष स्वर्गातून उतरलेला, डीनला नरकातून ओढून बाहेर काढणारा हा देवदूत कार्ड उलटं धरतो. डीन मुकाट्याने हात पुढे करून ते सुलटं करतो. मालिकेतला हा सर्वांत खरा क्षण. ज्याच्याकडे खरी सत्ता आहे त्याला कार्ड धरता येत नाही, आणि ज्याला कार्ड धरता येतं त्याच्याकडे दुसरं काहीच नाही.

या नायकांची मला गंमत वाटते ती इथेच. कायद्याला न जुमानणारे म्हणून त्यांची ख्याती, पण ते जगतात सगळे कायद्याच्या धाकावर. एखाद्या घरी जाऊन "बाई, तुमच्या माळ्यावर भूत आहे, आम्ही ते घालवतो" असं ते क्वचितच म्हणतात. म्हणाले तर दार तोंडावर आपटेल. म्हणून सूट, टाय, कार्ड आणि "आम्हाला काही नेहमीचेच प्रश्न विचारायचेत." प्रश्न काय, तर भिंतीत गार जागा जाणवते का, गंधकाचा वास येतो का. एवढा बावळट प्रश्नही सरकारी आवाजात विचारला की लोक गंभीरपणे आठवून उत्तर देतात. भुतावर मीठ चालतं, माणसांवर सूट चालतो.

आणि समजा एखाद्या शेरीफाला संशय आलाच, तर त्याची सोय बॉबी सिंगरने करून ठेवली आहे. साउथ डकोटातल्या सू फॉल्समध्ये बॉबीचं भंगार गाड्यांचं आवार आहे. दाढी, मळकी टोपी, हाताशी व्हिस्की आणि राक्षसविद्येची पुस्तकं. त्याच्या स्वयंपाकघराच्या भिंतीवर ओळीने टेलिफोन टांगलेले आहेत आणि प्रत्येकाखाली पट्टी चिकटवलीय : हा एफबीआयचा, हा रोगनियंत्रण केंद्राचा. शेरीफ म्हणतो, तुमच्या साहेबांचा नंबर द्या. डीन शांतपणे देतो. इकडे भिंतीवरचा योग्य फोन वाजतो, बॉबी हातातलं काम टाकून उचलतो, आवाजाला खर्ज लावतो आणि शेरीफाला असा काही झापतो की तो पुढचा तासभर उभ्यानेच बोलत असावा. मला विचाराल तर अख्ख्या मालिकेत नीट चालणारं सरकारी खातं हे एवढंच. पहिल्या-दुसऱ्या रिंगला फोन उचलला जातो, साहेब जागेवर असतात, प्रकरण त्यांना माहीत असतं आणि निर्णय तिथल्या तिथे. कार्यालयप्रमुख खुर्चीत सापडावा म्हणून तो भंगारवाला असावा लागतो, एवढाच त्याचा अर्थ.

आता मुख्य कामाकडे. अमेरिकन भूत घालवायची रीत सरळ आहे. मेलेल्याचं थडगं शोधायचं, रात्री खणायचं, हाडांवर मीठ टाकायचं, इंधन ओतायचं आणि काडी लावायची. पडद्यावर हे काम एका गाण्यात आटोपतं. ज्याने कधी अंगणात आळूसाठी फूटभर खड्डा खणलाय त्याला कळेल, पुरुषभर खोल खड्डा दोघांनी रात्रीत खणायचा म्हणजे काय. बरं, खणताना भूत मागून येऊन आपटणार, त्यात अर्धा तास जाणार. कुदळ-फावड्याचा आवाज, मग जाळ, आणि पंचक्रोशीत एक कुत्रं भुंकत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी दोघे दाढी करून पाय खायला हजर! (पाय म्हणजे गोड सारणाचा तो भाजलेला पदार्थ. मालिकेत डीनला देवापेक्षा त्यावर जास्त श्रद्धा.) कंबर धरून "आई गं" म्हणणारा विंचेस्टर मी पाहिला नाही. आणि देशभर भटकतात म्हणावं तर झाडं बदलत नाहीत. टेक्सास असो की ओहायो, तेच उंच ओले सूचीपर्णी वृक्ष, कारण जवळजवळ सगळं चित्रीकरण कॅनडातल्या व्हँकुव्हरच्या आसपासचं.

ही मंडळी कोकणात आली असती तर पहिल्याच रात्री धंदा बसला असता. इथे बहुतेक मेलेल्यांना आपण आधीच जाळून बसलोय. पिंपळावरच्या मुंजाची हाडं खणायची कुठे? आमचा समंध, हडळ, गिऱ्हा जाळण्याच्या पलीकडे गेलेले. त्यांच्याशी बोलावं लागतं, नारळ ठेवावा लागतो, गाऱ्हाणं घालावं लागतं, आणि गाऱ्हाण्यात चूक झाली तर गावातलं कुणीतरी मागून दुरुस्ती सुचवतं. शिवाय रात्रीच्या गस्तीची पदं इथे आधीच भरलेली. वेंगुर्ला तालुक्यात आरवलीला वेतोबा आहे. तो रात्री गावाची राखण करत फिरतो, फिरून त्याच्या वहाणा झिजतात, म्हणून भाविक त्याला चामड्याच्या भल्याथोरल्या नव्या वहाणा वाहतात आणि केळ्यांचे घड ठेवतात. म्हणजे प्रवासखर्च आणि भोजनभत्ता दोन्ही मंजूर, तेही लोकवर्गणीतून. वेतोबाला कुणी कार्ड मागितल्याचं ऐकिवात नाही. हेक्टर आफ्रेमियनच्या नावाने पेट्रोल भरणाऱ्या डीनने हे पाहिलं असतं तर देवळाच्या पायरीवर बसून रडला असता.

त्यात आपल्याकडे २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आहे, आणि तो आहे हे फार बरं आहे. अंगातलं भूत काढण्याच्या बहाण्याने माणसाला बांधून ठेवणं, मारहाण करणं हा त्यात गुन्हा. सहा महिने ते सात वर्षं कैद आणि पाच ते पन्नास हजार रुपये दंड. विंचेस्टर बंधूंची ठरलेली पद्धत काय? माणसाला खुर्चीला करकचून बांधायचं, तोंडावर पाणी मारायचं आणि लॅटिनमध्ये ओरडायचं. म्हणजे भुताच्या तोंडून एक शब्द निघायच्या आत पंचनामा तयार.

कायद्याबाहेरचे नायक आपल्यालाही नवे नाहीत म्हणा. बाबूराव अर्नाळकरांचे काळा पहाड आणि झुंजार यांनी पोलिसांना चकवत दुर्जनांचा समाचार घेतला, आणि वाचनालयातल्या त्या पुस्तकांची पानं शेंगदाण्याच्या तेलाने पारदर्शक होईपर्यंत लोकांनी वाचली. नारायण धारपांचे समर्थ तर थेट अमानवी शक्तींशीच झुंजले. पण समर्थांनी कधी आयकर अधिकारी असल्याचं भासवून वाड्यात प्रवेश मिळवला नाही. ते नुसते आले की समोरच्याला पटायचं. मराठी माणसाला व्यक्तिमत्त्व पुरतं. अमेरिकन माणसाला लॅमिनेशन लागतं.

या मालिकेत माझा खरा जीव अडकला तो व्हिक्टर हेन्रिक्सन या खऱ्याखुऱ्या एफबीआय अधिकाऱ्यात. एवढ्या खोट्या एजंटांच्या गर्दीत एक अस्सल माणूस, आणि त्याच्या वाट्याला काय यावं! तो फक्त कागद वाचतो. सेंट लुईसमध्ये एका रूपबदलू प्राण्याने डीनचं रूप घेऊन अत्याचार केले, मेला. कागदावर डीन खुनी आणि मृत. मग तोच मेलेला डीन बाल्टिमोरमध्ये पकडला जातो. मिलवॉकीत बँकेत ओलीस नाट्य घडतं, आत दोघे भाऊ. हेन्रिक्सन फोनवर डीनला त्याची सगळी कुंडली वाचून दाखवतो, बाहेर शस्त्रधारी पथक लावतो, आणि भाऊ त्याच पथकाचा गणवेश चढवून त्याच्या नाकासमोरून निघून जातात. पुढे आर्कान्सामध्ये ते तुरुंगात सापडतात, तर कळतं की तिथल्या भुतासाठी मुद्दाम अटक करवून घेतली होती. आता तुम्हीच सांगा, या माणसाने काय निष्कर्ष काढावा? थडगी उकरणारे, प्रेतं जाळणारे, खोट्या नावांनी फिरणारे दोन भाऊ. मी त्यांच्या गल्लीत राहत असतो तर शंभर नंबर मीच फिरवला असता.

पण अशा मालिकांत आपलं काम चोख करणारा पोलिस हा अडथळा असतो. त्याला शहाणपण यायला राक्षस दिसावा लागतो. हेन्रिक्सनला तर दिसण्याच्या पुढचं घडतं. कोलोरॅडोतल्या एका लहान पोलिस ठाण्यात त्याने भावांना डांबलेलं असताना त्याच्याच अंगात राक्षस शिरतो. सॅमकडे पवित्र पाणी नाही. म्हणून कोठडीतल्या कमोडमध्ये जपमाळ टाकून तेच पाणी पवित्र केलं जातं आणि केंद्रीय तपास खात्याच्या या वरिष्ठ अधिकाऱ्याचं डोकं त्यात बुडवून मंत्र म्हटले जातात. तो शुद्धीवर येतो, सगळं समजतो, आणि उठून पहिलं काम काय करतो? अहवालाची सोय. दोघे भाऊ हेलिकॉप्टरच्या स्फोटात मेले असं तो वर कळवणार असतो. म्हणजे सत्य कळल्यावर प्रामाणिक अधिकाऱ्याने केलेली पहिली गोष्ट खोटा अहवाल. त्यानंतर त्याच रात्री लिलिथ नावाची राक्षसी येऊन ठाण्यातल्या सगळ्यांना मारते. लेखकांनी या माणसाला आणखी दोन पर्वं जगू द्यायला हवं होतं, याबद्दल मी आजही रागात आहे.

बाकीच्यांकडे बघितलं की विंचेस्टरांवर झालेला अन्याय जास्तच टोचतो. 'एक्स-फाइल्स'मधल्या मुल्डरकडे खरं कार्ड होतं. त्याला तळघरात कचेरी दिली, पण दिली. 'ग्रिम'मधला निक पोर्टलंडच्या पोलिस खात्यातला तपास अधिकारी, पगार वेळेवर. कॉमिक्समधला भुतं घालवणारा लिव्हरपूलचा जॉन कॉन्स्टंटीन सिगारेटी आणि उसन्या पैशांवर निभावतो, पण तो इंग्रज, त्याला गबाळेपणा शोभतो. आणि 'लुसिफर' मालिकेत तर कहर. त्यात साक्षात सैतान नरकाची गादी सोडून लॉस एंजेलिसमध्ये नाइट क्लब काढतो आणि तिथल्या पोलिस खात्यात रीतसर सल्लागार म्हणून रुजू होतो. तो सगळ्यांना दिवसाढवळ्या सांगतो की मी सैतान आहे. नावही बदलत नाही. कुणी विश्वास ठेवत नाही, आणि गुन्ह्याच्या जागी पट्टी उचलून त्याला आत घेतात. ज्याच्या हस्तकांना पळवता पळवता विंचेस्टरांची आयुष्यं गेली, तो स्वतः पोलिसांच्या कॉफीत साखर ढवळतोय!

डीनच्या शेवटाचंही तसंच. मालिकेच्या अखेरीस हे दोघे खुद्द देवाला हरवतात, आणि त्यानंतर एका गोठ्यासारख्या पडक्या कोठारात साध्या रक्तपिपासूंशी मारामारी करताना डीनच्या पाठीत खांबातली लोखंडी सळई घुसते. संपला. देवाशी लढलेला माणूस अर्धवट बांधकामाने मारला, हे पाहून आमच्या गृहनिर्माण संस्थेचे सचिव गंभीर झाले होते. डीनला ना विमा, ना भविष्यनिर्वाह निधी, ना अनुकंपा तत्त्वावर सॅमला नोकरी. आणि कुठल्या खात्यात त्याच्या मरणाची नोंद व्हावी? सेंट लुईसमध्ये तो एकदा मेलेला. कोलोरॅडोत हेलिकॉप्टरमध्ये पुन्हा मेलेला. सातव्या पर्वात लेव्हायथन नावाच्या राक्षसांनी दोघांची रूपं घेऊन हत्याकांडं केली, ते तोतये मारले गेले, तेव्हा टीव्हीवर जाहीरपणे तिसऱ्यांदा मेलेला. शेवटचा भाग दाखवला गेला नोव्हेंबरमध्ये, म्हणजे आमच्याकडचे पेन्शनर हयातीचा दाखला देण्यासाठी बँकेत रांग लावून उभे असतात त्या महिन्यात. आमचे एक शेजारी त्या रांगेतून परत आले होते, अंगठ्याचा ठसा यंत्राने नाकारला म्हणून. त्यांनी चहा पिता पिता शेवटचा भाग पाहिला आणि एवढंच विचारलं, की हा डीन पंधरा वर्षं जिवंत होता हे त्याने कुणाला पटवलं कसं?